राहेलबाईंचा लाजर

राहेलबाई गेल्याचा निरोप धनगरवस्तीवरून आला तेव्हा मी गेवराईच्या मिशनशाळेत मुलींकडून पाढे म्हणवून घेत होते. निरोप्या म्हणाला, "पाद्रीसाहेब कबरस्तानात जागा देत न्हाईत." मी वर्ग सोडला आणि निघाले... त्याला महिना उलटून गेला. राग अजून निवळलेला नाही. तो निवळावा अशी माझी इच्छाही नाही.

शाळेत राहेलबाई आणि मी, आम्ही दोघी मास्तरणी होतो, त्या थोरल्या. रविवारी त्या वस्त्यांवर जाऊन बायांना बायबलातल्या गोष्टी सांगत. धनगरवस्तीवरची सोनाबाई नवरा गेल्यापासून अंधाऱ्या खोपटातून उठलीच नव्हती. राहेलबाई तिच्या दारात बसल्या आणि लाजराची गोष्ट सांगू लागल्या. मेलेला माणूस, थडग्यावरची धोंड, ख्रिस्तानं बाहेरून मारलेली हाक, उठून बाहेर आलेला लाजर... मग म्हणाल्या, "सोने, ते थडगं लांबच्या मुलखात न्हाई. तुझ्या छातीत हाय. आत निजलीस ती तूच. हाक आली की उठावं लागतं, बाई." सोनाबाई खूप रडली. काही दिवसांनी काठी घेऊन मेंढरांमागं माळावर गेली.

साहेबांच्या कानावर हे गेलं. त्यांनी राहेलबाईंना विचारलं, "त्या बाईने बाप्तिस्मा घेतला काय?"

"न्हाई साहेब. ती मेंढरं राखायला गेली."

साहेब संतापले. लाजर खरोखर उठला, ती मनातली खूण नव्हे. आपली चूक झाली असं भर उपासनेत सांगा, असा त्यांनी हुकूम केला. रविवारी राहेलबाई उभ्या राहिल्या. "लाजर उठला, मी न्हाई म्हणत न्हाई. पण तो तेवढा एकदाच उठला असंल, तर आमाला त्याचा काय उपेग? आमच्यातला रोज मरतोय." एवढं बोलून खाली बसल्या. त्यांची नोकरी गेली. सोनाबाईच्या दिरानं त्यांना वस्तीवर छप्पर घालून दिलं. निजामाच्या या मुलखात अंमलदारापासून पाद्र्यापर्यंत कुणाचीच मर्जी न राखणारी बाई मी ती एकच पाहिली.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. बाई तापानं अंथरुणाला खिळल्या तेव्हा ते स्वतः औषध घेऊन आले. म्हणाले, "लाजराबद्दल चूक झाली एवढे कबूल करा, म्हणजे कबरस्तानात जागा देता येईल."

राहेलबाई हसल्या. "जन्मभर बायांना थडग्यातनं बाहेर या म्हणून सांगितलं साहेब. आता थडग्याच्या जागेपायी शब्द फिरवू व्हय?"

शेवटी सोनाबाईनं आपल्या शेताचा बांध दिला. माती तिनं आणि तिच्या दिरानं उकरली, प्रार्थना मी म्हटली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी जाब विचारला. मी म्हटलं, पुन्हा वेळ आली तर पुन्हा म्हणेन. माझीही नोकरी गेली.

सोनाबाईला सांगितला तेवढाच, एरवी गोष्ट संपली की राहेलबाई तिचा अर्थ सांगत बसत नसत. समोरच्या बाईकडे बघून एवढंच विचारत, "यात तू कुठं हायेस?" आता रविवारी वस्तीवर गोष्ट मी सांगते. परवा लाजराची गोष्ट संपवली, तर सोनाबाईनं हुबेहूब त्याच सुरात मलाच विचारलं, "यात तू कुठं हायेस, मास्तरीणबाई?"

मी म्हटलं, "बाहेर."