नक्कल कुठं ठेवली?

भावसिंग राठोडविषयी उद्धवरावांना खरं म्हणजे फार थोडं ठाऊक होतं. वारंगा फाट्यावर, टायरवाल्याच्या शेजारी, त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. तो जवळच्या तांड्यावरून मोटारसायकलनं यायचा आणि चहात साखर जास्त घ्यायचा. त्याला लेकरं किती, हे विचारायचा धीर भिडस्त उद्धवरावांना चार वर्षांत झाला नाही.

उद्धवराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, कळमनुरीच्या एका लहानशा वाचनालयाचे बिनपगारी ग्रंथपाल. पुस्तकांची यादी जुन्या फाँटमध्ये होती. ती नव्या फाँटमध्ये नेणारा मॅक्रो, म्हणजे वर्डमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम, भावसिंगनंच त्यांना करून दिला होता. एक बटण दाबलं की अख्ख्या पानाचा फाँट बदलायचा. पण शुक्रवारपासून वर्ड उघडलं की चौकट यायची, 'फाईल आधीच उघडी आहे'. पाठोपाठ मॅक्रोची खिडकी उघडून त्यातली एक ओळ पिवळी व्हायची. बटण काही केल्या चालेना. सोमवारी तपासणी होती. यादी तयार नसती तर वाचनालय क वर्गातून ड वर्गात गेलं असतं, आणि तेही आपल्यामुळं, असं उद्धवरावांच्या मनानं घेतलं. शनिवारी लॅपटॉप कापडी पिशवीत घालून ते फाट्यावर उतरले, तेव्हा त्यांच्या खिशात राजीनामा होता.

"काका, काय केलं व्हतं तुमी?" भावसिंगनं विचारलं.

"काहीच नाही."

"माझी म्हैसबी दावं तोडून असंच तोंड करते."

शेजारचा टायरवाला जळबा खो खो हसला. "म्हाताऱ्या माणसाला काहून छळून राहिला रे?"

"तू हवा भर," भावसिंग म्हणाला आणि उद्धवरावांकडं वळला. "कंट्रोलचं बटन दाबून धरा, न् वर्ड उघडा."

उद्धवरावांनी बटण धरलं. सेफ मोडचा प्रश्न आला, भावसिंगनं 'येस' दाबलं आणि वर्ड निमूट उघडलं. ती चौकट आली नाही.

"बघा, वर्डचा दोष न्हाई. असं उघडलं की मॅक्रो झोपूनच राहतो. म्हणजे खोट त्याच्याकडंच हाय."

मग त्यानं वर्डसोबत आपोआप उघडणाऱ्या फायलींचं फोल्डर काढलं. आत दोन फायली होत्या. एक मॅक्रोची, आणि दुसरी तिचीच प्रत. नाव 'नक्कल'.

"ही कोणी ठेवली?"

उद्धवरावांचे कान तापले. "मीच, गुरुवारी. हरवू नये म्हणून. आमच्या अभिलेख कक्षात एकतीस वर्षं हाच नियम होता, नक्कल मूळ कागदाच्याच बस्त्यात बांधायची."

भावसिंगनं कपाळावर हात मारला, पण हसत. "बस्त्यातला कागद गप पडून राहतो, काका. ह्या दोघी वर्डसंगं उठतेत. दोघींला जुन्या-नव्या अक्षरांच्या तक्त्याची एकच फाईल पायजे. पहिली ती उघडून बसली की दुसरी बोंबलते." त्यानं नक्कल पेन ड्राइव्हवर हलवली, तो उद्धवरावांच्या पिशवीत टाकला आणि वर्ड पुन्हा उघडलं. चौकट नाही, पिवळी ओळ नाही. बटण दाबताच पहिलं पान झरझर बदललं.

"लिहून देतो. कागद द्या एखादा."

गडबडीत उद्धवरावांनी खिशातलाच कागद पुढं केला. भावसिंगनं घडी उलगडली, वाचलं.

"ह्याची नक्कल हाय का?"

"नाही."

"बरं झालं." आणि त्यानं राजीनाम्याच्या पाठीवर ठळक लिहिलं, 'नक्कल दुसऱ्या जागी ठेवणे.'

सोमवारी तपासणी अधिकारी यादी चाळून, चिवडा खाऊन गेले. क वर्ग शाबूत राहिला. तो कागद उद्धवरावांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, भावसिंगनं लिहिलेली बाजू वर करून.

पुढं भावसिंगनं दुकान नांदेडला हलवलं. सामान टेम्पोत चढत होतं, त्या दिवशी उद्धवराव फाट्यावर बसची वाट पाहत उभे होते. लेकरांचं आज विचारावं, असं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात बस आली. टेम्पोवरून भावसिंग ओरडला,

"काका, नक्कल कुठं ठेवली?"

"टेबलाच्या खणात!"

"बराबर!"