आधी मीठ-भाकर

"बस! आधी मीठ-भाकर, मंग बात." असं म्हणत मामा लाकडी घोटणं टेबलावर असं आदळायचे, की नवं गिऱ्हाईक दचकून उभंच राहायचं. आदिलाबादहून निर्मलकडे जाताना हमरस्त्याला त्यांचा ढाबा होता. तुमच्यापैकी कोणी तिथं थांबलं असेल, तर त्यानं शिव्या नक्की खाल्ल्या असतील. शाळेत शिकवून परतताना मी रोज खायचो.

सगळे त्यांना मामा म्हणत. तरुणपणी ते दुबईला गेले आणि तिथून एजंटानं त्यांना मॉन्टेनिग्रो नावाच्या देशात, डोंगरातल्या एका खाणावळीत कामाला लावलं. मामा त्या देशाला 'काळा पहाड' म्हणायचे. तिथून त्यांनी एक जेवण आणलं आणि एक कायदा.

जेवण म्हणजे काचामाक. मक्याचं पीठ आणि बटाटे एकत्र शिजवायचे आणि मनगटाएवढ्या घोटण्यानं बडवत राहायचं. पातेल्याशी जुना दावा असल्यासारखे मामा बडवायचे. वर लोणी आणि खारं चीज. एकदा कोणी म्हणालं, "मामा, हा तं आपला मक्याचा घाटाच की!" फेकलेला झारा त्याच्या कानाला चाटून गेला. मग मामांनी त्यालाच पुन्हा ताटभर वाढलं. "खाय बे. मारल्याबिगर चव येत नाही."

तिकडे पाहुण्याला आधी फळांची कडक दारू देतात म्हणे. इथं पोलिसांचा धाक, म्हणून मामा तसल्याच इवल्याशा पेल्यात ताक द्यायचे. डोळ्याला डोळा भिडवून एका घोटात संपवायचं. कोणी हसलं तर कानफटात बसायची.

आणि कायदा असा, की मीठ-भाकर खाल्ली तो पाहुणा. तो अंगणाबाहेर पडेपर्यंत त्याच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही.

"अन् तुमच्या कानफटाचं काय?" मी विचारलं होतं.

"तो घरचा लाड हाय, मास्तर."

गेल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मी तिथं जेवत असताना एक ट्रकवाला धापा टाकत आत घुसला. "चाचा, एक्सिडेंट हो गया. मार डालेंगे मुझे!"

"रुका था?" मामांनी विचारलं.

त्यानं नकारार्थी मान हलवली. मामांनी अशी थोबाडीत दिली, की तो चुलीपाशी जाऊन पडला. मग त्याच हातानं उचलून त्यांनी त्याच्या तोंडात मीठ लावलेली भाकर कोंबली.

पाठोपाठ काठ्या-दगड घेऊन गाव आलं. सगळ्यांत पुढे मामांचा थोरला भाऊ होता, सदरा रक्तानं भिजलेला. "सरक बाजूला. माह्या पोराले चिरडलं त्यानं."

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. तो पुतण्या त्यांच्या खांद्यावर बसून मोठा झाला होता. त्यांनी मागे वळून पाहिलं. ट्रकवाल्याच्या तोंडात घास तसाच होता, भीतीनं त्याला गिळवत नव्हता. मला वाटलं, आता मामा बोटं घालून तो घास बाहेर काढतील. खोटं कशाला सांगू, काढावा असंही वाटलं.

"निगल," मामा म्हणाले आणि त्यांनी घोटणं उचललं.

पहिल्या दगडानं त्यांचं कपाळ फुटलं. त्यांनी एकाचा हात मोडला, एकाचे दात पाडले, पण भावाच्या काठीवर उलट वार केला नाही. पोलिसांची जीप येईपर्यंत ते दारातून हलले नाहीत. ट्रकवाल्याला घेऊन जीप अंगणाबाहेर पडली, तेव्हा मामा मटकन खाली बसले आणि पुतण्याला हाका मारत ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी ते भावाच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर उभे दिसले. मी म्हटलं, "आत जा, भावाचे पाय धरा."

"आत गेलो, पाण्याचा घोट जरी घेतला, का मी पाव्हना झालो. मंग भावाले मले मारता येत नाही. मारू द्या त्याले."

भाऊ बाहेर आला आणि काठीनं मारत सुटला. मामांनी डोक्यावर हातसुद्धा घेतला नाही. मी मध्ये पडलो, तर त्यांनीच मला ढकलून दिलं. शेवटी भाऊ दमून धुळीत बसला आणि हंबरडा फोडून रडू लागला.

तेवढ्यात वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन फाटकाशी आली. पोराची आई ती! तिनं हात पुढे केला. मामांनी तांब्याकडे पाहिलं, हात जोडले आणि पाणी न घेताच लंगडत चालू लागले.

तेव्हापासून ते कोणाला दिसले नाहीत. ढाब्याला कुलूप आहे. वहिनी मात्र त्या दिवशी, ते वळणाआड जाईपर्यंत, भरलेला तांब्या तसाच धरून फाटकात उभी होती.