एस.टी.च्या टपावरून आलेलं फाटक

आम्ही चाळ सोडली त्या सकाळी सगळा मजला गॅलरीत उभा होता, आणि अर्ध्याअधिक डोळे आमच्याकडे नव्हतेच, फाटकाकडे होते. हे कामावरून मोकळे झाले तेव्हा कारखान्यातल्या मंडळींनी निरोपाला हार-नारळाबरोबर ते फाटक दिलं होतं. सगळे फिटर नाहीतर वेल्डर, दुसरं देणार काय? पाइपाची चौकट, उभे गज आणि वरच्या बाजूला पट्टी वाकवून केलेली अक्षरं: सुस्वागतम्. ह्यांनी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं, एस.टी.च्या टपावर नीट मावेल एवढंच करा. फाटकाचं माप असं ठरलं. ज्या दारात ते बसायचं होतं ते दार तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

कंडक्टर म्हणाला, "आजोबा, तुरुंग फोडून दारासकट निघालात काय?" सगळी गाडी हसली. ह्यांनी खिशातली फूटपट्टी चाचपली आणि ताठ मानेनं सांगितलं, "गावी घर नीट करतोय. त्याचं फाटक आहे." मीही पदर सारखा करून अशी बसले, की जणू गव्हर्नरीणबाई चालल्यात महाबळेश्वराला. वत्सला, तू खिडकीशी आली होतीस. माझी शेवंतीची कुंडी तूच माझ्या मांडीवर दिलीस आणि म्हणालीस, "काकी, वाडीत आमच्या घरावर पण एक नजर असू द्या हं." मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं?

दासगावचं बंदर आलं तेव्हा सावित्री नदीचं पाणी दिसलं. त्याच बंदरातून मी लग्नानंतर पत्र्याची ट्रंक घेऊन मुंबईला गेले होते, पडावात बसून हमसून हमसून रडत. आई चिखलात पाय रोवून उभी होती. तिनं एवढंच सांगितलं होतं, "लोकांत राहा गो." तेव्हा वाटलं होतं, ही म्हातारी काय बोलते! मुंबईला जाऊन लोकांत नाही तर कुठं राहणार? या खेपेला मी रडले नाही. बस महाडच्या रस्त्याला लागली तशी मनात बाग मांडत बसले. इथे मोगरा, तिथे अबोली, दाराशी शेवंती. चाळीत तुपाच्या रिकाम्या डब्यांतून मी फुलं काढली, आणि वरच्या मजल्याच्या धुण्याचं साबणाचं पाणी त्यांच्यावर पडायचं. आता जमीनच आपली होती.

पोलादपूरहून पुढे फाटक बैलगाडीतून आलं. उमरठच्या वाटेवरची आपली वाडी तुला माहीतच आहे. आमचं घर, शेजारी तुमचं कुलूपबंद घर आणि पलीकडे माझी धाकटी जाऊ पार्वती आणि धोंडूभावजी. ह्या दोघांनी वाडी कधी सोडलीच नाही. आम्ही गणपतीला चार दिवस यायचो, पार्वतीच्या हातचं खायचो आणि परत जायचो. शिमग्याला रजा मिळत नसे. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे तीच नडली.

आल्या आल्या ह्यांनी जो कामाचा सपाटा लावला! छपरावर मंगलोरी कौलं चढली. पडवीत शहाबादी फरशी आली. मोरीशेजारी पिंप बसवून त्याला पितळी नळ लावला. विहिरीचं पाणी डोक्यावरून आणून पिंपात ओतायचं आणि मग नळातून काढायचं, असला कारभार. पण बायका नळ सोडून बघायला यायच्या आणि मी त्यांना चहा देताना कारखान्याच्या मोठ्या साहेबाच्या बायकोसारखी बोलायचे. "आमच्या मुंबईत असं", "आमच्या मुंबईत तसं". आता आठवलं की कानशिलं तापतात. ज्या मुंबईत संडासापुढे डबडं घेऊन रांगेत उभी राहिले, ती आमची मुंबई!

बाग मात्र मनासारखी झाली. पावसाळ्यात सगळं तरारून आलं. मागे पडवळ आणि दोडकी, पुढे फुलं. ह्यांनी दोरी धरून वाफे पाडले, आळी गोल झाली नाहीत तर उकरून परत करायचे. आयुष्यभर यंत्रांवर तेल-ग्रीस घासलेला माणूस मोगऱ्याची कळी बघायला सकाळी उघड्या अंगानं बाहेर पळायचा. लग्नानंतर इतका बोलका नवरा मी पहिल्यांदा बघितला. तेव्हा खरंच सुख होतं, ते नाकारून काय करू?

आणि मग पार्वतीच्या बकरीनं माझी शेवंती खाल्ली. तीच, जी मी मुंबईपासून मांडीवर आणली होती. मी अंगणात उभी राहून जे तोंड सोडलं, ते पार वाडीच्या टोकापर्यंत गेलं. पार्वती काही भांडली नाही. बकरीचा कान धरून नेताना म्हणाली, "वयनी, मुकं जनावर हाय. उद्यापासून बांधते मी." तिनं बकरी बांधलीही. पण माझं समाधान होईना. ह्यांना म्हटलं, फाटक पावसात गंजतंय, कधी लावणार? दिवाळीनंतर दगड आले, गडगा उभा राहिला. अंगणाच्या चारी बाजूंनी छातीएवढा, वर सिमेंटचा लेप. मधोमध फाटक. फाटकाएवढंच दार, बोटभरही जास्त जागा नाही. हे फूटपट्टी लावून लावून बघत होते आणि खूश होत होते.

आमच्या अंगणातून विहिरीवर जायची वाट होती. बायका डोक्यावर हंडे घेऊन तिथूनच जायच्या, जाता जाता एखादी आत डोकवायची, "काय गो, काय शिजवलंस?" असं विचारायची. गडगा झाल्यावर त्या तुमच्या घराला वळसा घालून जाऊ लागल्या. गडग्याशी थांबून बघायच्या आणि म्हणायच्या, "बरा हाय. मुंबईवानी हाय." आणि मी मूर्ख बाई, ते कौतुक समजून हसायचे! ह्यांना रात्री जेवताना सांगायचे, लोकांना फार आवडलंय हो.

शिमगा आला. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच पालखी आमच्या दारात येताना मी उभी असणार होते. काळकाईची पालखी घरोघर येते, अंगणात नाचवतात, टेकवतात, घरची बाई ओटी भरते आणि गुरव त्या घराच्या भल्यासाठी देवीला गाऱ्हाणं घालतो. मी नवी साडी नेसले. नारळ, खण, तांदूळ ताटात काढले. ह्यांनी फाटकाला आंब्याचे टहाळे बांधले. सुस्वागतम्‌ला हळदकुंकूसुद्धा लावलं, बाई! दुपारी खालूबाजा वाजत वाजत जवळ आला आणि माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, आता झालो आपण वाडीचे.

पालखी फाटकाशी आली आणि थांबली.

पुढचे दोघे भोई फाटकात शिरले, तर एकाचा खांदा गडग्याला लागला. मागे घेतली. परत वळवली, तर अरुंद वाटेत लांब दांडा वळेना. पूर्वी तिथे वाट आणि अंगण एकच होतं, पालखी कुठूनही आत यायची. कोणी तरणा पोरगा म्हणाला, "जरा आडवी करा." गुरव खेकसला, "देवी आडवी करतात काय रे?" दुसरा म्हणाला, "गडग्यावरनं उचलून घेऊ." वाजप थांबलं. सनईवाला थुंकी पुसत उभा राहिला. सगळी वाडी त्या अरुंद वाटेत कोंबलेली, आणि आत आम्ही दोघं, ताट घेऊन, कोंडवाड्यात घातल्यासारखी.

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा हात खिशातल्या फूटपट्टीवर गेला होता आणि तिथेच राहिला होता. वत्सला, ह्याच माणसानं तरुणपणी ती पालखी खांद्यावर नाचवली होती. तिची रुंदी, तिचा दांडा, सगळं त्या खांद्याला ठाऊक होतं. कौलं मोजली, फरशी मोजली, एस.टी.चा टप मोजला, आणि देवीचं माप विसरला. मीही विसरले. मला तर बकरीच दिसत होती.

कोणीतरी हसेल, टोमणा मारेल असं वाटत होतं. मारला असता तर बरं झालं असतं, मी चार शब्द उलटे ऐकवले असते. कोणी मारला नाही. गुरवानं फक्त मान हलवली आणि पालखी पुढे गेली. पार्वतीच्या अंगणात टेकली. मग तिथून पार्वतीचीच हाक आली, "वयनी, या गो हितं. तुमी परक्या काय? हितंच भरा वटी."

मी गेले. आपल्याच घराची ओटी दुसऱ्याच्या अंगणात भरायला, नवी साडी नेसून, सगळ्या वाडीच्या मधून. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. गुरव गाऱ्हाण्यात आमचं नाव घ्यायला लागला, तर सवयीनं त्याच्या तोंडून आलं, "मुंबईस आसलेली लेकरा..." आणि मग तो अडखळला. आम्ही तर तिथेच उभे होतो. त्यानं सुधारून घेतलं, पण मी ऐकलं ते ऐकलं.

तिथेच पार्वतीला विचारलं, इतकी वर्षं आमच्या घराला कुलूप होतं, तेव्हा पालखी काय करायची? ती माझ्याकडे अशी बघायला लागली, की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलंय. म्हणाली, "तुमच्या अंगणात टेकायची की. मी सारवून ठेवायची आदल्या दिवशी. तुमच्या नावचा नारल पण मीच द्यायची. देवी काय कुलूप बघती?"

एवढं तिनं कधी आम्हाला सांगितलंही नव्हतं. आम्ही गणपतीला येऊन तिला चाळीतल्या जुन्या साड्या द्यायचो आणि वाटायचं, किती करतो आपण हिच्यासाठी! आमच्या दाराला कुलूप असताना देवी अंगणात येत होती. आम्ही घरात आलो आणि ती बाहेरून गेली. त्या दिवशी मी जेवले नाही. हेही नाही जेवले. दोघांनी एकमेकांना एक शब्दही ऐकवला नाही, नाहीतर आमचं घर कसं आहे ते तू भिंतीपलीकडून ऐकलेलंच आहेस.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहारीचा आवाज आला. हे गडगा फोडत होते. नवंकोरं सिमेंट, सुटता सुटेना. वाटेवरून जाणारे बघत होते आणि ह्यांची मान वर होत नव्हती. मी धोंडे उचलायला लागले, तर म्हणाले, "तू राहू दे गो. कंबर धरेल." थोड्या वेळानं धोंडूभावजी आले. काही न विचारता दगड उचलून वाफ्यांच्या कडेला रचू लागले. दुपारी फक्त एकदा म्हणाले, "दादा, हितनं आणखी थोडं काढा. दांडा वलायला होवा." ह्यांनी मान डोलावली आणि फूटपट्टी न लावता तिथला दगड काढला.

त्यानंतरचा शिमगा होऊन गेला. पालखी आली, आमच्या अंगणात टेकली. त्याच्या आदल्या दिवशी मी सारवायला बसले, तर शेणाचा हात जमेना, निम्मं अंगण पोपडे धरून बसलं. पार्वती कमरेवर हात ठेवून हसली, "ह्यो काय शाबादी फरशीचा नमुना?" आणि मग शेजारी बसून तिनं हात कसा फिरवायचा ते दाखवलं. शरम अजून गेलेली नाही, सांगते तुला. ओटी भरताना देवीकडे वर तोंड करून बघवलं नाही. पण लोक परत अंगणातून विहिरीवर जातात. हंडे हिंदकळतात, फरशीवर पाणी सांडतं, काय शिजवलंस विचारतात. शेवंती निम्मी बकरीच्या पोटात जाते आणि निम्मी फुलते. फाटक मागच्या बाजूला चार खुंटांवर आडवं टाकलंय, त्यावर पडवळ चढवलाय. पावसाळ्यात सुस्वागतम् दिसतसुद्धा नाही.

हे सगळं लाज सोडून लिहिलं ते तुझ्या नानांसाठी. नाना आता कामावरून मोकळे होणार, आणि त्यांनी ह्यांना विचारलंय म्हणे, गडगा किती उंच बांधावा, फाटक कुठून करून घ्यावं. ह्यांना उत्तर द्यायची शरम वाटते, म्हणून मी देते. आम्ही इतकी वर्षं म्हणत होतो, घरी परत जायचंय. घर म्हणजे कौलं आणि फरशी, असं आमच्या डोक्यात. आपल्यामागे आपलं अंगण कोणीतरी सारवत होतं, ते घर होतं, आणि ते आम्हाला माहीतच नव्हतं.

तू खिडकीशी म्हणाली होतीस, आमच्या घरावर नजर असू द्या. या शिमग्याला मी दोन अंगणं सारवली. तुमच्या दाराला कुलूप होतं, पण पालखी तिथे टेकली. तुमच्या नावचा नारळ मी दिला. पोपडे थोडे आलेत, ते चालवून घ्या. या, लवकर या. येताना शेवंतीचं एक रोप आण. आणि नानांना सांग, टप रिकामा ठेवा.