विहिरीवरच्या नारळाचा कोंब

सविता नारळावर चढायला लागली तेव्हा अर्ध्या भांडगावाने तोंडात बोटं घातली आणि उरलेल्या अर्ध्याने तोंडसुख घेतलं. तिला दोन्हींशी काही देणंघेणं नव्हतं. प्रशिक्षणात तिला चढायचं यंत्र मिळालं, पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून टोकाला रोज पातळ काप देत नीरा कशी उतरवायची ते कळलं, आणि बाई जी वर गेली ती वरच रमली. मेंढरं सोडून बागायतीत स्थिरावलेल्या घरातली ही सून. सकाळी गार नीरा हायवेवर नेली की हातोहात खपायची. त्यातही विहिरीवरचा नारळ म्हणजे तिचा जीव की प्राण. सगळ्यात जास्त नीरा तोच द्यायचा.

श्रावणातली झड उघडली त्या सकाळी ती वर गेली आणि बघते तर काय! मधली सुरळी, म्हणजे अजून न उलगडलेलं कोवळं पान, पिवळी पडली होती. जरा ओढली तर अख्खी हातात आली आणि भप्पकन सडका वास सुटला.

"आण्णा, कोंब कुजला वो!" ती वरूनच ओरडली. खाली चहा पिणारे सासरे कप टाकून बुंध्याशी आले.

नारळाला कोंब एकच असतो. तो गेला की झाड गेलं. आणि ही बुरशी शेजारच्या झाडांवर गेली असती, तर सविताचा धंदाच उठला असता. तिने झाडावरूनच प्रशिक्षणातल्या माया मॅडमना फोन लावला. कुजलेलं सगळं खरवडून काढा, मॅडम म्हणाल्या, मोरचुदाची पेस्ट लावा, वर गाडगं पालथं घाला. त्या पुढेही काही सांगत होत्या, पण मोरचूद म्हटल्यावर ऐकतंय कोण! सविताने फोन कमरेला खोचून खाली हाळी दिली.

"मोरचूद व्हय!" आण्णांना एकदम तरतरी आली. "अगं, घरात पडलाय की! मेंढराचं खूर सडल्यावर दुसरं काय लावतो आपुन?"

म्हातारा पोरासारखा धावला. खुरांसाठी कालवायचे तसंच निळंशार कडक पाणी त्यांनी डब्यात कालवलं आणि दोरीने वर पाठवलं. सवितानेही खूर साफ करतात तसा पांढरा गाभा लागेपर्यंत कोंब खरवडला होता. त्यावर तिने ते पाणी ओतलं आणि खाली उतरून, पराक्रम सांगायला पुन्हा फोन करून स्पीकरवर टाकला.

"शाब्बास! चुना किती घातला?" मॅडमनी विचारलं.

सविताने फोन आण्णांपुढे धरला.

"चुना?" आण्णा म्हणाले. "मेंढराला कुठं घालतो चुना?"

"अहो, नुसत्या मोरचुदानं कोवळा कोंब जळतो! आधी धुवा तो!"

मग काय पळापळ! सविता घागरीमागून घागर वर ओढून घेत होती, कोंब धूत होती, पदराने टिपत होती, आणि शिव्या मात्र बुरशीला देत होती. खाली आण्णा प्लॅस्टिकच्या बादलीत चुना आणि मोरचूद कालवत होते आणि स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेत होते. अखेर आभाळी रंगाची पेस्ट वर गेली. कोंबावर गाडगं बसलं.

मग वाट बघणं सुरू झालं. ते सविताला कुठलं जमायला! गाडगं उचलून बघायची भीती आणि न बघता चैन नाही. गणपती बसले, गौरी जेवून गेल्या. एका सकाळी तिचा धीर सुटला आणि ती वर चढली.

गाडगं तिरकं झालं होतं. खालून कशाने तरी ते ढकललं होतं. तिने ते हळूच बाजूला केलं. नवी सुरळी! वाकडी, शेंड्याला मोरचुदाने करपलेली, पण बुडाशी हिरवीगार.

"जित्तं हाय, आण्णा! जित्तं हाय!" ती हसत होती आणि डोळे घळाघळा वाहत होते.

"मग बांधायची का एखादी पोय?" आण्णांनी खालून विचारलं. तेही हरखून गेले होते.

सविताने पोयीला काप द्यायची कमरेची सुरी काढून दोरीने खाली सोडली आणि खोडाला गच्च मिठी मारली.

"न्हाई," ती झाडालाच म्हणाली. "औंदा तुझी नीरा तूच पी, बाबा."