ओळभर टर्मरिक

एखादा शब्द पुन्हा पुन्हा म्हटला की जगाला आपलं ऐकावंच लागतं, यावर आमच्या साडूंइतका विश्वास ठेवणारा माणूस कृष्णेच्या अल्याड-पल्याड दुसरा झाला नसावा. मूळचे कवठे महांकाळचे, पण सांगलीत विश्रामबागेत त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. वीस वर्षं पोरापोरींकडून एकेक शब्द ओळभर बडवून घेता घेता ती सवय त्यांच्या अंगातच मुरली. "शब्द शंभरदा हाणला की बोटात बसतोय, पावणं," असं ते मला सांगत, आणि तेही तीनदा सांगत. वाण्याच्या यादीत 'तूरडाळ' तीन वेळा लिहायचे, म्हणजे तो विसरायला नको. एकदा नव्या वाण्यानं इमानदारीनं तिप्पट डाळ पाठवली आणि तो महिनाभर त्यांच्याकडे जेवायला जायची मला धास्तीच बसली. मी साताऱ्याला बँकेत होतो तेव्हा त्यांच्या मुलीच्या बारशाची पत्रिका मला चार वेळा आली. चौथीवर त्यांनी स्वहस्ते लिहिलं होतं, 'आधीच्या तीन मिळाल्या असतीलच.'

अशा माणसानं एक शब्द मात्र जन्मात कधी उच्चारला नव्हता, तो म्हणजे बायकोचं नाव. त्यांची बायको ही माझ्या बायकोची थोरली बहीण. आम्ही तिला अक्का म्हणतो. ती यांच्याच इन्स्टिट्यूटमध्ये टायपिंग शिकायला जायची आणि परीक्षेचा निकाल लागायच्या आत यांच्या घरून मागणी आली. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी घेरलं, तेव्हा या गृहस्थांनी अख्खा बुंदीचा लाडू तोंडात कोंबला आणि पंगतीत पाणी वाढायला पळून गेले. नवरदेव तांब्या घेऊन फिरतोय हे दृश्य आमच्या वऱ्हाडानं प्रथमच पाहिलं. तेव्हापासून अक्काचं नाव 'ऐकलं का' असंच पडलं. घरात, बाजारात, दवाखान्यात, सगळीकडे ऐकलं का, ऐकलं का, ऐकलं का.

नव्वदीच्या शेवटी शेवटी कॉम्प्युटरचे क्लास निघाले आणि इन्स्टिट्यूट ओस पडली. साडूंनी मशिनं विकून टाकली, घरात एक कॉम्प्युटर आणला आणि इंटरनेटवर आपलं एक पान उघडलं. अमेरिकेतली कुठलीशी कंपनी हळदीच्या गोळ्या विकत असे. साडूंच्या पानावरून कुणी गिऱ्हाईक त्या दुकानात गेलं आणि त्यानं गोळ्या घेतल्या, की यांना कमिशन. "आपल्या मार्केट यार्डातली अडतच ही," ते म्हणाले. "फकस्त पोतं दिसत न्हाई." मला हसू आलं, पण हसण्यासारखे दिवस नव्हते. खंडाळ्याच्या चुलतभावाचा पेट्रोल पंप होता. तिथं मॅनेजर म्हणून या, असा त्याचा लकडा होता आणि दिवाळीच्या पाडव्यापर्यंत होय की नाही ते त्याला कळवायचं होतं. मुलीचं कॉलेज सांगलीत, म्हणजे अक्का आणि मुलगी इथं आणि हे तिकडे एकटे. हळदीचं पान चाललं तरच घर एका जागी राहणार होतं.

पान चालायचं तर ते सर्च इंजिनात वर दिसायला हवं, आणि इथं आमच्या साडूंना आपली सारी हयात सार्थकी लागल्यासारखी वाटली. कुणी 'टर्मरिक', म्हणजे आपली हळद, शोधलं की ते यंत्र म्हणे मोजतं, हा शब्द कुठल्या पानावर किती वेळा आलाय! त्यांनी हळदीचे गुण सांगणाऱ्या दर वाक्यात टर्मरिक घातलं. ते वाचवेना, तेव्हा पानाच्या तळाशी पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत ओळीच्या ओळी टर्मरिक बडवलं. माणसाला दिसणार नाही, यंत्राला दिसेल. रोज संध्याकाळी सहाला ते नंबर बघायला बसत, आणि तेवढा वेळ घरात कुणी मोठ्यानं शिंकायचंही नाही. लाइन लागताना मोडेम कर्रकर्र करी, साडूंचा गुडघा टेबलाखाली थडथड उडे, अक्का स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक चावत उभी राही. "एक्केचाळीस." दुसऱ्या आठवड्यात "सव्वीस." दिवाळीच्या तोंडावर "सतरा!" पहिल्या दहात आलं की गिऱ्हाईक येणार होतं. मी देव फारसा मानत नाही, पण तोवर माझी बदली सांगलीच्या शाखेत झाली होती आणि त्या दिवसांत बँकेतून परतताना गणपतीसमोर दोन मिनिटं थांबत असे.

पाडव्याला आठ दिवस राहिले असताना साडूंचा बँकेत फोन आला. "पावणं, पान गेलं. गेलं, गेलं!" मी गेलो तेव्हा ते पडद्यासमोर घामाघूम बसले होते. सतरावं नाही, तीनशेवंही नाही, पान यादीतून नाहीसंच झालं होतं. सर्च इंजिनवाल्यांचं इंग्रजी पत्र आलं होतं, ते मी वाचून दाखवलं. लपवून एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिल्यामुळे तुमचं पान काढून टाकलं आहे. ते साफ करा, पुन्हा नोंदवा, तपासायला काही आठवडे लागतील. साडूंनी ते पत्र पडद्यावर पुन्हा एकदा खालपर्यंत सरकवलं. मग म्हणाले, "वीस वरसं हेच शिकवलं की हो मी."

पुसायला तर हवंच होतं. दिसत नसलेली अक्षरं पुसायची म्हणून त्यांनी माउस धरून तळापासून ओढला, तशी ती पांढरी अक्षरं निळ्या पट्ट्यावर उमटत गेली. टर्मरिक, टर्मरिक, टर्मरिक. आणि दर दहाव्या शब्दाला, 'मालन'. पुन्हा नऊ टर्मरिक, पुन्हा मालन. पानभर तेच. अक्का चहाचे कप घेऊन मागं उभी होती आणि तिला इंग्रजी अक्षरं यांनीच शिकवली होती.

"ह्यात माझं नाव कशापायी?" ती म्हणाली.

साडूंनी मान वळवली नाही. कान तेवढे लाल झाले. "एकच शब्द हाणून बोटं आखडत्यात. मधी जरा इसावा लागतोय."

मी उगाचच खिडकीबाहेर बघत राहिलो. मोडेमचा दिवा लुकलुकत होता, फोनचं मीटर पळत होतं, आणि या माणसाचं बोट डिलीटच्या बटणावर अधांतरी थांबलं होतं. एवढ्या गडबडीत तो कुणाची तरी परवानगी मागत बसला होता, आणि मला त्याच्याबद्दल इतकी माया दाटून आली की काय सांगू!

"पुसू का?" ते म्हणाले.

"आवं, पुसा की. मी काय अमेरिकेत ऱ्हाती व्हय?" अक्का म्हणाली, पण कप टेबलावर ठेवताना चहा बशीत सांडला. साडूंनी बटण दाबलं.

पाडवा आला आणि गेला, पानाचा पत्ता नव्हता. भाऊबीज झाल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही साडूंना खंडाळ्याच्या गाडीत बसवून द्यायला स्टँडवर गेलो. दिवाळीची गर्दी, गाडीला हीऽ झुंबड. साडू ट्रंक घेऊन कसेबसे आत शिरले, खिडकी मिळवली, आणि मग लक्षात आलं की जेवणाचा डबा अक्काच्या हातातच राहिलाय. अक्का दुसरीकडे तोंड करून डोळे पुसत होती. गाडी सुरू झाली.

"ऐकलं का!" साडू खिडकीतून ओरडले. फलाटावरच्या सहा-सात बायकांनी चमकून वर पाहिलं. "ऐकलं का! ऐकलं का!" आणखी चार वळल्या. अक्का सोडून सगळ्या स्टँडनं ऐकलं. गाडी मागं सरकून वळण घ्यायला लागली.

तेव्हा साडूंनी छातीभर श्वास घेतला आणि हाक मारली, "मालन!"

एकदाच. एकच बाई वळली. डबा घेऊन ती दोन पावलं धावली आणि मधेच थांबून त्या खिडकीकडे बघतच राहिली. गाडी फाटकातून बाहेर पडली तरी तिला डब्याची आठवण झाली नाही. मग आम्ही चालत विश्रामबागेला परतलो. वाटेत डबा मी दोनदा मागितला तरी तिनं तो माझ्या हातात दिला नाही.