अकोल्याहून आलेला पेन ड्राइव्ह

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या मंडळी. कारण पुढे जे सांगणार आहे, त्यात मला तोंड लपवायला कुठंच जागा नाही!

मी इतिहासाचा मास्तर. अमरावतीत सगळी नोकरी पोरांना एकच गोष्ट सांगण्यात गेली, की बाबांनो, पुराव्याशिवाय कोणावर आरोप करायचा नाही. हे वाक्य तेवढं ध्यानात ठेवा.

निवृत्त झालो तेव्हा लेकीनं, मेघानं, कॉम्प्युटर घेऊन दिला. आधी चांगला पळायचा. या उन्हाळ्यात मात्र गडी बसलाच! बटण दाबावं, चहा मांडावा, पिऊन कप विसळून यावं, तरी पडद्यावर ते गोल चक्र आपलं फिरतंच आहे.

एक दिवस पडद्यावर लाल चौकट उगवली. ‘सावधान! तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. मोफत साफ करायचा?’ आता मला सांगा, आजच्या काळात फुकट साफसफाई कोण करून देतं? मी म्हटलं, कर बाप्पा! आणि ‘होय’ दाबलं. दुसऱ्या दिवशी दुसरी चौकट आली, तिलाही होय. मग तिसरी. दारात आलेल्याला नाही म्हणायची आपल्या वऱ्हाडात रीत आहे का? कॉम्प्युटर मात्र रोज आणखीच मंद होत गेला.

म्हणजे रोग जबर होता. पण आला कुठून? मी तपासाला लागलो, आणि एकदम डोक्यात उजेड पडला. जावई! आमचे प्रशांतराव अकोल्याला बँकेत आहेत. मागे आले तेव्हा नातीच्या वाढदिवसाचे फोटो एका पेन ड्राइव्हमध्ये घालून देऊन गेले होते. बाहेरून घरात आलेली वस्तू तेवढीच. सापडला चोर!

मी तो पेन ड्राइव्ह स्टीलच्या डब्यात कोंबला, झाकणावरून सुतळी बांधली आणि डबा माळ्यावर टाकला. एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण मास्तर ना मी! दुसऱ्याला शहाणं केल्याशिवाय मला जेवण पचत नाही. आमच्या आणि व्याह्यांच्या घरचा मिळून एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर ठोकून दिलं, ‘सर्वांना सूचना. अकोल्याहून येणारा पेन ड्राइव्ह कोणीही लावू नये. त्यामुळे आमच्या कॉम्प्युटरला व्हायरसची बाधा झाली आहे.’

लगेच मेघाचा फोन.

“बाबा, काहून टाकलं ते ग्रुपवर? इकडं सासूबाई सगळ्यायले वाचून दाखवून राहिल्या!”

“अवं, मी तर सावध करून राहिलो सगळ्यायले.”

“जावयाले चोर ठरवून?” आणि तिचा आवाज रडवेला झाला.

व्याह्यांनी एकच ओळ लिहिली, ‘आमच्या घरून आजवर कोणाकडे रोगराई गेली नाही.’ त्यानंतर ग्रुपवर सकाळची फुलंसुद्धा येईनाशी झाली.

आणि महिना कोणता? अधिक! तीन वर्षांतून एकदा येणारा धोंड्याचा महिना, जावयाला देवासारखं पाटावर बसवायचा. आमच्या हिनं अनारशांचं पीठ तयार ठेवलेलं, जावयासाठी कापड आणलेलं.

“आता येतीन का ते?” ही म्हणाली. “नाई आले तर पोरीनं सासरी तोंड कसं दाखवाव? सांगा ना, मास्तर!”

घरात मला ‘मास्तर’ म्हटलं, की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

पण पोरगा मोठ्या मनाचा, आला. मेघाला आणि नातीलाही घेऊन आला. पाटावर बसला, वाण घेतलं, जेवला. हात धुऊन झाल्यावर म्हणाला, “बाबा, कम्प्युटर दाखवा बरं.”

सुरू करताच लाल, पिवळ्या, हिरव्या चौकटी एकमेकींच्या उरावर बसायला लागल्या.

“हे सारे कोनं टाकले?”

“मीच टाकले. राखणदार हायेत ना ते!” मी छाती काढून सांगितलं.

“बाबा, हे सारे एकमेकायले चोर म्हनून राहिले.”

“मंग खरा चोर कोनता?”

“सारेच.” जावई शांतपणे म्हणाला. “घरात नुसते जावईच जावई आणून बसवले तुमी. सारे पाटावर बसून, कामाले एकबी नाई!”

मेघा फिस्सकन हसली. पण मी हार मानतो होय? माळ्यावरून डबा काढला, सुतळी सोडली, पुरावा टेबलावर ठेवला.

“ते ठीक हाय. पण पह्यला व्हायरस याच्यातूनच आला ना?”

आमची ही पदराला हात पुसत दारात उभी होती. म्हणाली, “अवो, पण हे तर आपण टीवीले लावलं होतं ना, फोटो पाहाले! कम्प्युटरले लावलंच कधी तुमी?”

मी आठवून पाहिलं. मग पुन्हा आठवून पाहिलं. नव्हताच लावला हो! कधीच नव्हता लावला!

जावयानं मान खाली घातली, पण खांदे हलत होते. सगळे राखणदार त्यानं एकेक करून हाकलले आणि कॉम्प्युटर पुन्हा पळायला लागला. मला तो पळताना पाहवेना.

“आता ग्रुपवर लिवा,” ही म्हणाली. “जिथं बदनामी केली, तिथंच माफी मांगा.”

लिहिलं. ‘प्रशांतरावांची मनापासून माफी मागतो. व्हायरस सापडला. अकोल्याचा नाही, अमरावतीचाच निघाला. इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे.’

मिनिटभरात व्याह्यांचं उत्तर आलं, ‘मंग करून टाका डिलीट!’ सोबत हसणारे चेहरे. माझा जीव भांड्यात पडला.

माझ्या खांद्यावरून वाचत ही म्हणाली, “होत असता, तर मी कवाच केला असता!”