फिकट गुलाबी

"सना, तुझा फ्लास्क दाखव," बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम म्हणाल्या. फ्लास्कमधलं पाणी राणी कलरचं झालं होतं.

वसमतच्या एका कॉलेजात मी केमिस्ट्री शिकवतो. टायट्रेशन म्हणजे फ्लास्कमधल्या ॲसिडमध्ये वरच्या नळीतून, म्हणजे ब्युरेटमधून, थेंब थेंब अल्कली सोडायची. फिकट गुलाबी रंग आला की चावी बंद. गडद झाला की गेलं सगळं. आणि सनाचा फिकट गुलाबी मी थोड्या वेळापूर्वी स्वतः पाहिला होता. मनात शाब्बासही म्हटलं होतं.

शिरड शहापूरची ही पोरगी. वर्गात पहिली आली, तर ऑफिसात जाऊन बेरीज पुन्हा तपासायला लावली. आम्ही सगळे हसलो होतो.

"काय झालं हे?" मॅडमनी विचारलं.

"चुकलं मॅडम. मला जमतच न्हाई."

मला राहवेना. "अगं, बरोबर थांबली होतीस! पुन्हा काहून सोडलं?"

तिनं शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथं ऋषिकेश, हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, इंग्लिश मीडियमचा. "ह्याचं रीडिंग जास्त होतं सर. म्हणजे माझंच चुकलं असंल. म्हणून त्याच्या आकड्यापर्यंत सोडलं."

मॅडमनी त्याचाही फ्लास्क उचलला. राणी कलर. चावी बंद करायला त्यालाच उशीर झाला होता.

"दुसऱ्याचं बघायला कुणी शिकवलं?" मॅडमचा आवाज चढला.

सना रडकुंडीला आली. "सरच म्हणतात, मेळ बसला न्हाई तर ऋषिकेशचं बघा."

व्हय, मीच म्हणायचो. वर्षभर, दर प्रॅक्टिकलला. तो फाडफाड इंग्रजी बोलतो, म्हणजे त्याचा हातही पक्का असणार, असं मी धरून चाललो होतो. मॅडमच्या नजरेला नजर देता येईना.

"चूक माझी आहे मॅडम. दोघांना एकदा पुन्हा करू द्या."

त्यांनी करू दिलं, मार्क मात्र कापले. सना शेजाऱ्याकडे पाठ करून उभी राहिली. फिकट गुलाबी आला आणि तिनं चावी बंद केली.

आता मी प्रॅक्टिकलला कुणाचं नाव घेत नाही.

निकालात तिचा पहिला नंबर गेला. मी वाईट वाटून घेत तिच्याकडे गेलो, तर ती चक्क हसत होती. "बराबर झालं सर. तो नंबर माझा नव्हताच."

गडद झालेला फ्लास्क ओतून देता येतो. ‘ऋषिकेशचं बघा’ हे माझं वाक्य तिच्या डोक्यातून कसं काढायचं, हे मला अजून कळलेलं नाही.